छापायची राहून गेलेली जाहिरात

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या घटनेत, अकराव्या प्रकरणात, एक जुनी अट आहे. घटनादुरुस्तीचा प्रस्ताव विधिमंडळाने मंजूर केला की पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तीन महिने आधी तो प्रत्येक कौंटीतल्या निदान दोन वर्तमानपत्रांत छापून यावा लागतो. मग निवडणूक होते, नवे विधिमंडळ येते, तेही तोच प्रस्ताव पुन्हा मंजूर करते आणि त्यानंतरच तो मतदारांपुढे जातो. जाहिरात देण्याची जबाबदारी राज्य सचिवांच्या कार्यालयाची. कौंट्या ६७. काम कारकुनी आणि वर्षानुवर्षे बिनबोभाट होत आलेले.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी राज्यपाल टॉम वुल्फ यांच्या प्रशासनाने जाहीर केले की अशी एक जाहिरात छापायची राहून गेली आहे. लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या आणि दावा करण्याची मुदत केव्हाच उलटून गेलेल्या माणसांना दोन वर्षांसाठी दिवाणी न्यायालयाचे दार उघडून देणारी ती दुरुस्ती होती. पहिल्या विधिमंडळाने २०१९मध्ये ती मंजूर केली होती. दुसऱ्या विधिमंडळात प्रतिनिधीगृहाने नुकतेच तिच्यावर शिक्कामोर्तब केले होते आणि मे महिन्यात लोक तिच्यावर मतदान करणार होते. जाहिरात न छापल्यामुळे सगळी प्रक्रिया रद्दबातल ठरली. राज्य सचिव कॅथी बूकव्हार यांनी राजीनामा दिला. २०२०च्या वादळी अध्यक्षीय निवडणुकीतून राज्याला पार नेणाऱ्या या बाईंचे पद त्या निवडणुकीने नाही, एका न छापलेल्या जाहिरातीने घेतले.

या माणसांना त्या दोन वर्षांची वाट का पाहावी लागत होती, हे सांगायचे तर मुदत या कल्पनेपासून सुरुवात करायला हवी.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही दिवाणी न्यायालयात थोडा वेळ बसले तरी ‘दावा मुदतबाह्य आहे’ ही हरकत कानावर पडते. इंग्लंडमध्ये पहिल्या जेम्सच्या काळात, १६२३ साली झालेल्या कायद्यापासून ही कल्पना इंग्रजी न्यायपद्धती घेतलेल्या सगळ्या देशांत रुजली. आपला १९६३चा मुदत कायदा त्याच कुळातला. त्यामागचा विचार वाईट नाही. साक्षीदार मरतात, कागद गहाळ होतात, आठवणींची सरमिसळ होते. वीस वर्षांपूर्वीच्या उसनवारीसाठी कुणाला अचानक कोर्टात खेचू नये, हे कुणालाही पटेल. पण या विचारात एक गृहीत धरलेले असते. ज्याचे नुकसान झाले त्याला ते कळलेले आहे, कुणी केले हे ठाऊक आहे आणि तक्रार करण्याइतके बळ त्याच्या अंगी आहे, असे कायदा मानून चालतो. बांधाच्या भांडणात, वचनचिठ्ठीच्या दाव्यात हे बहुधा खरे असते. नऊ वर्षांच्या मुलीला किंवा तेरा वर्षांच्या मुलाला ते लागू पडत नाही. ज्याने अत्याचार केला तो त्यांच्या घरी जेवायला येतो, आईवडील त्याचा शब्द खाली पडू देत नाहीत, रविवारी सगळे गाव त्याच्यापुढे गुडघे टेकते. असे मूल सांगणार कुणाला? पुष्कळजण पहिल्यांदा तोंड उघडतात ते चाळिशी-पन्नाशीत.

पेनसिल्व्हेनियात १९८४पर्यंत अशा इजेच्या दिवाणी दाव्याला इजा झाल्यापासून फक्त दोन वर्षे मिळत आणि पीडित अज्ञान आहे याचीही सवलत नसे. दहाव्या वर्षी अत्याचार झालेल्या मुलाची मुदत बाराव्या वर्षी संपे. १९८४मध्ये कायदा बदलून सज्ञान झाल्यानंतर दोन वर्षे दिली गेली, म्हणजे विसाव्या वाढदिवसापर्यंत. २००२मध्ये ही सीमा तिसाव्या वर्षापर्यंत नेली गेली, पण ज्यांची मुदत आधीच संपली होती त्यांना तिचा काही उपयोग नव्हता.

२००२ हे साल योगायोगाचे नाही. त्या वर्षी जानेवारीत ‘बॉस्टन ग्लोब’ने बॉस्टनच्या आर्चबिशपांनी मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना एका पॅरिशमधून, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीतून, दुसरीकडे कसे हलवले हे छापायला सुरुवात केली, आणि डिसेंबरात त्या आर्चबिशपांना, कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना, पद सोडावे लागले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने एक नवा मार्ग काढला. मुदत संपलेल्या सगळ्यांना २००३ हे एक वर्ष दावे दाखल करायला मोकळे ठेवले. या सवलतीला पुढे ‘खिडकी’ हेच नाव पडले. त्या वर्षभरातल्या दाव्यांतून २००७मध्ये लॉस एंजेलिसच्या आर्चडायोसिसला ५०८ जणांशी ६६ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे न्यायालयाच्या हुकमाने जुनी दफ्तरे उघडू लागली आणि ज्यांची नावे कुणालाच ठाऊक नव्हती अशी माणसे उजेडात आली.

फौजदारी बाजूला हा मार्ग नव्हता. जून २००३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टॉग्नर खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की फौजदारी मुदत एकदा संपली की नव्या कायद्याने ती पुन्हा जिवंत करता येत नाही. आरोपीला तुरुंगात पाठवण्याचा प्रश्न असल्याने हे बंधन मला योग्यच वाटते. पण त्यामुळे जुन्या पीडितांसाठी दिवाणी दावा हा एकच रस्ता उरला, आणि पुढची सगळी लढाई त्या रस्त्यावर झाली. आपल्याकडे चित्र याच्या जवळजवळ उलटे आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या पॉक्सो कायद्याखालच्या गुन्ह्यांना तक्रारीची मुदत नाही, असा खुलासा केंद्रीय कायदा मंत्रालयाने २०१८मध्ये केला. पण नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करायचा तर अज्ञानपणाची सवलत सज्ञान झाल्यानंतर फार तर तीन वर्षे मिळते. एकविसाव्या वर्षानंतर काय, हा प्रश्न आपल्या विधिमंडळांत आणि न्यायालयांत गांभीर्याने विचारायची वेळ अजून यायची आहे.

पेनसिल्व्हेनियात हा प्रश्न पहिल्यांदा खणखणीतपणे विचारला तो ग्रँड ज्युरीने. सरकारी वकील पुरावे मांडतात आणि सामान्य नागरिकांचा एक गट बंद दाराआड साक्षी ऐकून खटला भरावा की नाही हे ठरवतो, अशी ती पद्धत. फिलाडेल्फियाच्या जिल्हा सरकारी वकील लिन एब्रहॅम यांच्या ग्रँड ज्युरीने सप्टेंबर २००५मध्ये अहवाल दिला. त्यात निदान ६३ धर्मगुरूंची आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्या दोन कार्डिनलांची, जॉन क्रोल आणि अँथनी बेव्हिलाक्वा यांची, हकीकत होती. एकावरही खटला भरता आला नाही. मुदत संपली होती. फौजदारी मुदत रद्द करावी आणि दिवाणी दाव्यांना खिडकी द्यावी, अशी शिफारस त्या ज्युरीने केली. विधिमंडळाने फौजदारी मुदत वाढवली आणि खिडकीचा विषय बाजूला ठेवला. नोव्हेंबर २०११मध्ये पेन स्टेट विद्यापीठाचा माजी फुटबॉल प्रशिक्षक जेरी सँडस्की पकडला गेला. पुढच्या जूनमध्ये तो ४५ आरोपांत दोषी ठरला आणि विद्यापीठाने २६ जणांना मिळून जवळपास ६ कोटी डॉलर दिले. हा फक्त चर्चचा प्रश्न आहे असे तोवर म्हणणाऱ्यांना गप्प बसावे लागले. खिडकीचा विषय मात्र बाजूलाच राहिला.

नोव्हेंबर २०१२मध्ये बर्क्स कौंटीतून मार्क रोझी नावाचा एक नवा डेमोक्रॅट प्रतिनिधीगृहावर निवडून आला. तेरा वर्षांचा असताना त्याच्या पॅरिशच्या धर्मगुरूने त्याच्यावर अत्याचार केला होता. त्याच धर्मगुरूच्या हाती सापडलेल्या बालमित्रांपैकी काहींनी पुढे जीव दिला. २००९मध्ये असाच एक मित्र गेल्यावर रोझींनी आपली गोष्ट स्थानिक वर्तमानपत्राला सांगितली. तेव्हा ते अडतिशीच्या आसपास होते, आणि कायद्याने त्यांची मुदत विसाव्या वर्षीच संपवलेली होती. ते राजकारणात आले ते या एका कामासाठी, आणि हे त्यांनी कधी लपवले नाही.

मार्च २०१६मध्ये ऑल्टूना-जॉन्सटाउन या धर्मप्रांताबद्दल दुसरा अहवाल आला. चाळीस वर्षे, निदान ५० धर्मगुरू आणि धार्मिक पदाधिकारी, शेकडो मुले. पुढच्याच महिन्यात प्रतिनिधीगृहाने १८० विरुद्ध १५ मतांनी विधेयक मंजूर केले. पन्नाशीपर्यंत दावा करता येईल आणि आधी मुदत संपलेल्यांनाही त्याचा लाभ मिळेल, असे त्यात होते. चर्चची यंत्रणा हलली. फिलाडेल्फियाचे आर्चबिशप चार्ल्स शापू यांचे विरोधाचे पत्र जूनमध्ये चर्चमधून वाचून दाखवले गेले. विधेयकाला मत देणाऱ्या काही कॅथलिक आमदारांची नावे पॅरिशच्या साप्ताहिक पत्रकांत छापली गेली. रविवारच्या प्रार्थनेला आपल्या मुलाबाळांसह बसलेल्या आमदाराला आपले नाव असे वाचावे लागले. विमा कंपन्यांची संघटनाही चर्चच्या बाजूने उभी होती, कारण जुन्या पॉलिसींचे पैसे शेवटी त्यांच्याकडूनच मागितले जाणार होते.

विरोधकांचे म्हणणे सरसकट खोटे नव्हते. सरकारी शाळांना कायद्याचे कवच आहे आणि चर्चच्या शाळांना नाही, तेव्हा एकाच गुन्ह्यासाठी दोन मापे का, हा शापू यांचा सवाल रास्त होता. आजच्या भाविकांच्या दानातून तीस वर्षांपूर्वीच्या बिशपांचे पाप का फेडायचे, हाही प्रश्न खरा. पण पहिल्यावर उपाय सोपा होता. सरकारी शाळांचेही कवच काढा. न्यूयॉर्कने पुढे तेच केले. दुसऱ्याचे उत्तर असे की संस्था जुन्या इमारतींचा, जुन्या जमिनींचा, जुन्या नावाचा वारसा घेते तेव्हा जुने कर्ज दुसऱ्याचे म्हणता येत नाही.

सिनेटमध्ये मात्र वाद नीतीवर झालाच नाही, घटनेवर झाला. पेनसिल्व्हेनियाच्या घटनेतले एक कलम सांगते की न्यायालये सर्वांना खुली राहतील आणि इजा झालेल्या प्रत्येकाला कायद्याने दाद मिळेल. जुन्या निकालांनी त्याच कलमाचा अर्थ असा लावला होता की मुदत संपल्याने प्रतिवादीला मिळालेला बचाव नंतर हिरावून घेता येत नाही. न्यायालये सर्वांना खुली ठेवणारे वाक्य अशा रीतीने दार लावण्याच्या कामी आले. राज्याच्या सॉलिसिटर जनरलनेही समितीपुढे विधेयक घटनाबाह्य ठरेल अशी साक्ष दिली. सिनेटने पूर्वलक्षी तरतूद काढून टाकली आणि विधेयकाचा कायदा झालाच नाही.

मग १४ ऑगस्ट २०१८ उजाडला.

राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गमध्ये, ॲटर्नी जनरल जॉश शपिरो यांनी राज्याच्या आठपैकी सहा धर्मप्रांतांबद्दलचा जवळजवळ ९०० पानांचा ग्रँड ज्युरी अहवाल प्रसिद्ध केला. सत्तर वर्षांचा काळ, ३०० हून जास्त धर्मगुरू आणि ओळख पटलेली हजाराहून अधिक मुले. खरा आकडा याहून बराच मोठा असावा, असे ज्युरीने स्वतःच नोंदवले होते. पत्रकार परिषदेत साक्षीदारांची एक चित्रफीत दाखवली गेली, आणि तिच्यात बोलणाऱ्यांपैकी एकजण ऐंशी ओलांडलेला होता. लहानपणीची गोष्ट तो त्या वयात सांगत होता.

अहवालातली सगळी हकीकत इथे सांगणे नको. पिट्सबर्गच्या धर्मप्रांतातल्या काही धर्मगुरूंनी आपल्या तावडीतल्या मुलांना सोन्याचे क्रूस गळ्यात घालायला दिले होते. इतर अत्याचाऱ्यांना ती खूण कळे. एवढे वाचल्यावर पान उलटायलाही धीर लागतो.

पण या अहवालाचे वजन त्या एकेका हकीकतीपेक्षा तिच्या उगमात आहे. हे सगळे ज्युरीने मुख्यतः चर्चच्याच कागदांतून काढले होते. कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्मप्रांताचे एक गुप्त दफ्तर असते आणि त्याची किल्ली फक्त बिशपांकडे असते. ज्युरीच्या हुकमावरून ही दफ्तरे उघडली तेव्हा पाच लाखांवर पाने बाहेर आली. तक्रारींची पत्रे, धर्मगुरूंचे कबुलीजबाब, बिशपांनी एकमेकांना लिहिलेली टिपणे. एफबीआयच्या तज्ज्ञांनी ती वाचून एक ठरावीक पद्धत शोधून काढली. बलात्काराला बलात्कार म्हणायचे नाही, ‘अनुचित संपर्क’ म्हणायचे. धर्मगुरूला हलवताना कारण देऊ नये, दिलेच तर ‘आजारपणाची रजा’ किंवा ‘मानसिक थकवा’ असे द्यावे. पोलिसांना कळवू नये.

मुदतीच्या कायद्याचा मूळ आधार हा की काळ गेला म्हणजे पुरावा जातो. इथे पुरावा गेला नव्हता. तारखांनिशी, सह्यांनिशी तो प्रतिवादीच्याच कपाटात कुलूपबंद होता. पीडितांपैकी बहुतेकांना आपल्याआधी किंवा आपल्यानंतर आणखी कुणी होते याची कल्पना नव्हती, बिशपांना होती. काळ गेल्याचा फायदा ज्याने काळ घालवला त्यालाच मिळत होता, आणि म्हणून या प्रकरणात मुदतीची हरकत मला निव्वळ तांत्रिक वाटत नाही. ती गुन्ह्याच्याच लपवाछपवीचा पुढचा भाग आहे.

एवढ्या धर्मगुरूंपैकी खटला भरता आला तो फक्त दोघांवर. बाकीचे मेलेले, नाहीतर मुदतीबाहेर. हॅरिसबर्गच्या बिशपांनी १९४७पासूनच्या सर्व बिशपांची नावे इमारतींवरून काढून टाकण्याचा आदेश दिला होता. पूर्वी पिट्सबर्गचे बिशप असलेले कार्डिनल डोनाल्ड वूर्ल यांनी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनचे आर्चबिशपपद सोडले. सप्टेंबरात प्रतिनिधीगृहाने १७१ विरुद्ध २३ मतांनी दोन वर्षांची खिडकी मंजूर केली. पीडित माणसे विधानभवनाच्या पायऱ्यांवर, सज्जांत, दालनांत दिवसचे दिवस थांबत होती. सिनेटचे अध्यक्ष जो स्कार्नाटी यांनी सुचवलेली तडजोड अशी होती की दावा फक्त अत्याचार करणाऱ्या व्यक्तीवर करता येईल, संस्थेवर नाही. अत्याचारी बहुतेक मेलेले किंवा कफल्लक होते. म्हणजे खिडकी असेल, पण पलीकडे भिंत. पीडितांनी ती नाकारली. १७ ऑक्टोबर २०१८च्या रात्री सिनेट मतदान न घेता घरी गेले.

दरम्यान धर्मप्रांतांनी स्वतःच भरपाईचे निधी उघडले. रक्कम घेणाऱ्याला पुढे कधीही दावा न करण्याचे लिहून द्यावे लागे. अनेकांनी ते लिहून दिले. वय झालेले, औषधपाण्याला पैसे लागणारे, विधिमंडळावरचा भरवसा उडालेले हे लोक. त्यांना कुणी दोष देऊ नये. पण त्या व्यवहारात दफ्तरे उघडत नाहीत, बिशपांना शपथेवर प्रश्न विचारता येत नाहीत, आणि ज्युरीपुढे आपली हकीकत मांडण्याचा हक्क माणूस कायमचा गमावतो.

शेजारी राज्ये पुढे निघून गेली होती. डेलावेअरने २००७मध्येच खिडकी उघडली होती. न्यूयॉर्कमध्ये तेरा वर्षे अडलेला कायदा १४ फेब्रुवारी २०१९ रोजी झाला. सिनेटमध्ये ६३ विरुद्ध शून्य अशा मतांनी तो मंजूर झाला होता आणि त्याखाली पुढे जवळपास अकरा हजार दावे आले. न्यूजर्सीची खिडकी त्याच वर्षी १ डिसेंबरला उघडली. फिलाडेल्फियातून डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की न्यूजर्सी लागते. नदीच्या कुठल्या काठावर लहानपण गेले, यावर आता न्याय ठरू लागला.

अशा वेळी रोझी आणि ब्लेअर कौंटीचे रिपब्लिकन प्रतिनिधी जिम ग्रेगरी एकत्र आले. ग्रेगरीही लहानपणी अत्याचार सोसलेले. सिनेट घटनेचे कारण सांगते ना, मग घटनाच बदलू, असा त्यांचा विचार. रस्ता लांबचा, दोन विधिमंडळांचा आणि एका सार्वमताचा, पण वादाला जागा न ठेवणारा. सिनेटने हे मान्य केले. २६ नोव्हेंबर २०१९ रोजी राज्यपाल वुल्फ यांनी रोझींच्या गावच्या म्युलनबर्ग हायस्कुलात जोडकायद्यांवर सह्या केल्या. इथून पुढे बाल लैंगिक अत्याचाराला फौजदारी मुदत नाही, आणि दिवाणी दावा पंचावन्नाव्या वर्षापर्यंत करता येईल. हे सगळे पुढच्या पिढीसाठी. मागच्या पिढीसाठी घटनादुरुस्ती, आणि ती जाहिरातीच्या वाटेवर. फेब्रुवारी २०२०मध्ये हॅरिसबर्गच्या धर्मप्रांताने दिवाळखोरीचा अर्ज केला. खिडकी उघडलीही नव्हती, तरी हे घडले.

त्या उन्हाळ्यात राज्य सचिवांच्या कार्यालयाने ती जाहिरात दिली नाही. कुणी मुद्दाम केले का, हा प्रश्न लगेच उठला. राज्याच्या महानिरीक्षकांनी मे २०२१मध्ये दिलेल्या अहवालात कटाचा पुरावा सापडला नाही असे म्हटले. वरिष्ठांची देखरेख नव्हती, कामाची लेखी पद्धत नव्हती, कुणी कुणाला नीट कळवले नव्हते, इतकेच. कट असता तर निदान कुणावर राग धरता आला असता. आणि इथे एक गोष्ट मनातून जात नाही. विसाव्या वर्षापर्यंत कोर्टात न गेलेल्या मुलाला कायद्याने एका दिवसाचीही माफी दिली नव्हती. राज्याने स्वतःची मुदत चुकवली, तेव्हा त्याची किंमतही त्याच मुलाने मोजली.

तातडीची घटनादुरुस्ती म्हणून प्रस्ताव लगेच मतदारांपुढे नेता आला असता. त्याला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागत. मार्चमध्ये सिनेटमधील बहुमताच्या नेत्या किम वॉर्ड यांनी सांगितले की ही बाब तातडीच्या व्याख्येत बसत नाही. ऐंशी ओलांडलेल्या साक्षीदाराच्या बाबतीत तातडी आणखी कशाला म्हणायचे, ते त्यांनी सांगितले नाही.

जुलै २०२१मध्ये आणखी एक दार बंद झाले, आणि त्याची चर्चा जाहिरातीच्या तुलनेत फारच कमी झाली. ऑल्टूनाच्या एका स्त्रीने २०१६चा अहवाल वाचून धर्मप्रांतावर दावा केला होता. अत्याचार मला ठाऊक होता, पण धर्मप्रांताने तो धर्मगुरू कसा झाकून ठेवला हे या अहवालातूनच कळले, तेव्हा माझी मुदत तिथून मोजा, असा तिचा युक्तिवाद होता. अपील न्यायालयाने २०१९मध्ये तो मान्य केला आणि राज्यभरातल्या वकिलांकडे माणसे येऊ लागली. २१ जुलै २०२१ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आपल्यावर अत्याचार झाला आणि करणारा कुणाच्या नोकरीत होता हे तिला माहीत होते, तेव्हा मालकाने काय केले याची चौकशी तिने वेळेत करायला हवी होती, असे न्यायालयाचे म्हणणे. मुदत बदलायची तर ते विधिमंडळाचे काम, हेही त्यांनी नमूद केले. कायद्याच्या चौकटीत हा निकाल कदाचित बरोबर असेल. पण विशीच्या आतल्या मुलीने बिशपांच्या कुलूपबंद दफ्तराची चौकशी कशी करायची होती, याचे उत्तर त्यात मला सापडत नाही.

विधिमंडळाकडे परत यावे, तर तिथे पहिल्या फेरीपासून पुन्हा सुरुवात झाली होती. २०२१-२२च्या विधिमंडळाने दुरुस्ती मंजूर केली, या वेळी जाहिरातही वेळेवर आली, आणि दुसरी फेरी जानेवारी २०२३मध्ये व्हायची होती. ३ जानेवारीला अघटित घडले. प्रतिनिधीगृहात दोन्ही पक्षांचे बळ इतके अटीतटीचे होते की सभापती कोण हेच ठरेना, आणि ग्रेगरींनी चक्क रोझींचे नाव सुचवले. ११५ विरुद्ध ८५ मतांनी मार्क रोझी सभापती झाले. ज्या विषयासाठी ते दहा वर्षे सदनात बोलत होते, त्या विषयासाठी आता सदनच त्यांच्या हाती होते. राज्यपाल वुल्फ यांनी पद सोडण्याआधी त्यासाठी विशेष अधिवेशन बोलावले.

पण ११ जानेवारीला सिनेटने ही दुरुस्ती आणखी दोन प्रस्तावांबरोबर एकाच विधेयकात बांधली. मतदारांना ओळखपत्र सक्तीचे करणे हा त्यातला एक. डेमोक्रॅट ते कधीच मान्य करणार नव्हते, आणि हे सिनेटला माहीत होते. प्रतिनिधीगृहात कामकाजाच्या नियमांवरूनच कोंडी झाली. रोझींनी पक्ष सोडण्याचे वचन पाळले नाही म्हणून ग्रेगरींनी त्यांचा राजीनामा मागितला. दोघांचा तो दोस्ताना, ज्यावर ही दुरुस्ती उभी राहिली होती, काही दिवसांत तुटला. मे महिन्याच्या मतदानाची तारीख त्या गोंधळात निघून गेली.

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी प्रतिनिधीगृहाने एकाच दिवशी दोन विधेयके मंजूर केली. एक घटनादुरुस्तीचे, १६१ विरुद्ध ४० मतांनी, आणि दुसरे साध्या कायद्याचे, १३४ विरुद्ध ६७ मतांनी. २०१८चा अहवाल काढणारे शपिरो तोवर राज्यपाल झाले होते, तेव्हा दुसरे विधेयक सही करायला त्यांच्याच टेबलावर जायचे होते. ते तिथवर पोचले नाही. सिनेटने दोन्ही विधेयके मतदानाला घेतली नाहीत. चार दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, रोझी सभापतिपदावरून पायउतार झाले. त्याच एप्रिलमध्ये शेजारच्या मेरिलँडने अशा दाव्यांची मुदतच रद्द केली. तो कायदा अमलात येण्याच्या दोन दिवस आधी बाल्टिमोरच्या आर्चडायोसिसने दिवाळखोरी पत्करली. निदान तिथे हा हिशेब न्यायालयापुढे आला.

रोझींनी २०२४ची निवडणूक लढवली नाही. त्यांचे शेवटचे विधिमंडळ ३० नोव्हेंबर २०२४ रोजी संपले आणि दुसरी मंजुरी न मिळालेला प्रस्ताव त्याबरोबर संपला. दुरुस्ती आणायचीच तर पुन्हा पहिल्या मंजुरीपासून, ६७ कौंट्यांतल्या जाहिरातींपासून, नव्या निवडणुकीपासून सुरुवात.